बियांपेक्षा शिपिंग महाग पडतं तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कार्टमध्ये टोमॅटो, मिरची, कांदा, गाजर आणि झिनिया अशी पाच पाकिटं आहेत. शिपिंगचा आकडा बियांच्या किमतीच्या निम्म्यावर गेला आहे. आणखी चार पाकिटं घेतली तर शिपिंग माफ होतं. ती चार पाकिटं घ्यावीत, कूपन शोधावं, की दुसरा विक्रेता बघावा?

मी गेली १८ वर्षं बिया मागवतो आहे. त्यातली ११ वर्षं बागकाम करणाऱ्या वीस-पंचवीस जणांची एकत्र ऑर्डर माझ्या हातून जाते. त्या अनुभवावरून सांगतो, कूपनच्या मागे लागू नका. कूपनने एका ऑर्डरचं शिपिंग थोडं कमी होईल, पण खर्चाचं मूळ तिथे नाही. मूळ आहे ते आपण वर्षात किती वेळा ऑर्डर करतो यात.

बी ही वजनाने फार हलकी वस्तू. एका ग्रॅममध्ये टोमॅटोच्या सुमारे ३०० बिया बसतात, गाजराच्या ८०० च्या आसपास आणि पेट्यूनिया या फुलझाडाच्या तर ९,००० हून जास्त. पाकिटाचा कागद आतल्या बियांपेक्षा जड असतो. पाच पाकिटांचं पार्सल आणि पंचवीस पाकिटांचं पार्सल यांना पाठवणाऱ्याला लागणारी मेहनत, लेबल आणि फेरी जवळजवळ सारखीच. म्हणून शिपिंग बियांवर लागत नाही, पार्सलवर लागतं. सुरुवातीच्या काळात मी एका वर्षात नऊ ऑर्डरी केल्याचं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. आता दोन होतात. बाग तेवढीच आहे, उलट थोडी वाढलीच आहे.

नऊ वेळा का मागवलं होतं? आठवेल तसं मागवत गेलो म्हणून. पेरणीची वेळ आली की लक्षात यायचं, काकडीचं बी संपलंय. मग घाईने एक पाकीट, तेही जलद डिलिव्हरीने. महिन्याभराने मुळ्याचं. यावर इलाज एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: हंगामाच्या दीड-दोन महिने आधी घरातली सगळी जुनी पाकिटं टेबलावर मांडायची आणि वर्षभराची एकच यादी करायची.

यादी करताना दोन गोष्टी हाताशी लागतात. पहिली, आपल्याला खरोखर किती झाडं लावायची आहेत. टोमॅटोची आठ झाडं हवी असतील तर पंधरा बिया पुष्कळ झाल्या. दुसरी, कुठलं बी किती वर्षं टिकतं. हे ज्याला पाठ आहे त्याचे शिपिंगचे पैसे आपोआप वाचतात. कोरड्या आणि थंड जागी ठेवलेल्या बियांचा साधारण हिशेब असा. कांदा, लीक (कांद्याच्या कुळातली भाजी) आणि पार्सनिप (गाजरासारखं कंदमूळ) यांचा भरवसा एक वर्षाचा, फार तर दोन. भेंडी, मका आणि पालक दोन वर्षं, मिरची दोन-तीन. गाजर, घेवडा, वाटाणा तीनेक वर्षं. टोमॅटो, वांगं, कोबी, भोपळा चार वर्षं तरी. मुळा चार-पाच, काकडी आणि खरबूज पाच. फुलांमध्ये झिनिया आणि झेंडू तीन वर्षं सहज काढतात. चांगली साठवण असेल तर यातले बरेच आकडे ओलांडले जातात, दमट कपाटात ठेवलं तर निम्म्यावर येतात.

म्हणजे काकडीचं पाकीट दरवर्षी मागवणं हा निव्वळ शिपिंगचा तोटा, आणि कांद्याचं पाकीट तीन वर्षांसाठी मागवणं हा बियांचा तोटा.

पाकिटावरची तारीख वाचताना मात्र सावध राहा. पॅकिंगची तारीख म्हणजे बी काढल्याची तारीख नव्हे. बी आधीच्या वर्षीचं असू शकतं. त्यापेक्षा उगवणशक्ती कधी तपासली आणि ती किती टक्के भरली, हे जिथे छापलेलं असतं ते पाकीट मला जास्त सांगून जातं. जिथे छापलेलं नसतं तिथे मी विक्रेत्याला विचारतो. चांगला विक्रेता त्याचं उत्तर देतो.

जुनं बी टाकून देण्याआधी त्याची चाचणी घ्या. प्रयोगशाळा ४०० बिया घेतात, घरी २० पुरतात. कागदी रुमाल पाण्यात भिजवून पिळून घ्यायचा, त्यावर बिया ओळीने मांडायच्या, गुंडाळी करून झाकणाच्या डब्यात उबदार जागी ठेवायची. बहुतेक भाज्यांना २५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान मानवतं. पालक आणि लेट्यूस यांना मात्र गारवा लागतो. मुळा तीन दिवसांत बोलतो, टोमॅटो आठवड्यात. मिरची आणि गाजर यांना दोन आठवडे, कधी तीनही द्यावे लागतात. पाचव्या दिवशी काही दिसलं नाही म्हणून मिरचीचं नवीन पाकीट मागवणारे मी खूप पाहिले आहेत, आणि पार्सल येईपर्यंत जुन्या बिया उगवलेल्या असतात. २० पैकी १४ रुजल्या म्हणजे ७० टक्के. तेवढ्यासाठी नवीन बी मागवायचं नाही, थोडं दाट पेरायचं. निम्म्याहून खाली गेलं आणि रोपंही लुळी वाटली की मग यादीत नाव लिहायचं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे, फुकट शिपिंगसाठी कार्ट भरावी का? मी एकच कसोटी लावतो. जी पाकिटं भर म्हणून टाकणार, ती येत्या बारा महिन्यांत मी तसंही घेतली असती का, आणि वापरेपर्यंत ती जिवंत राहतील का? दोन्हींना होकार असेल तर जरूर भरा, कारण तुम्ही पुढची एक ऑर्डर आत्ताच वाचवता आहात. एकालाही नकार असेल तर शिपिंग भरून मोकळे व्हा. सहाव्या वर्षी मी फुकट शिपिंगची मर्यादा गाठायला कांद्याच्या बियांचं मोठं पाकीट घेतलं होतं. पहिल्या हंगामात त्यातलं पाव वापरलं. पुढच्या वर्षी चाचणीत २० पैकी तीन बिया रुजल्या. वाचवलेल्या शिपिंगपेक्षा जास्त पैसे कचऱ्यात गेले होते, आणि कांद्याचा हंगाम हुकला तो वेगळाच. तेव्हापासून भर घालायची तर ती काकडी, टोमॅटो, मुळा, लेट्यूस अशा टिकाऊ बियांचीच घालतो.

भर म्हणून बियांच्या कार्टमध्ये कुंड्या, रोपांचे ट्रे किंवा कोकोपीट टाकू नका. ही चूक फार महागात जाते आणि ती नेमकी कुठे होते हे कळतही नाही. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन काढायची रीत बऱ्याच ठिकाणी अशी: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं, येतील ते किलो. ३० बाय २० बाय १५ चं खोकं घ्या. गुणाकार ९,०००, म्हणजे १.८ किलो. आत ३०० ग्रॅमचे रिकामे ट्रे असले तरी पैसे १.८ किलोचे. बिया कागदी लिफाफ्यात जाऊ शकल्या असत्या, त्या या खोक्याबरोबर ओढल्या जातात. अवजड सामान जवळपास मिळत असेल तर तिथूनच घ्यावं, आणि ऑनलाइन फक्त बी मागवावं.

वाटाणा आणि घेवडा यांचं मात्र वेगळं आहे. या मोठ्या बियांच्या एका ग्रॅममध्ये तीन-चारच दाणे बसतात. शिपिंग वजनाच्या टप्प्यांनी लागत असेल तर वाटाण्याची दोन मोठी पाकिटं अख्ख्या पार्सलला पुढच्या टप्प्यात ढकलतात. अशा वेळी एकेक वस्तू कार्टमधून काढून शिपिंगचा आकडा कुठे उतरतो ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे. पुष्कळदा एकच पाकीट दोषी निघतं. याउलट शिपिंग सरसकट एकच असेल तर वजनाचा विचार सोडा आणि यादी पूर्ण भरा.

मोठ्या बाजार-संकेतस्थळांवर आणखी एक फसगत होते. कार्ट एक दिसते, पण पाच पाकिटं पाच वेगवेगळ्या विक्रेत्यांची असतात आणि प्रत्येकाचं शिपिंग वेगळं लागतं. पाकीट निवडताना खाली विक्रेत्याचं नाव बघा, आणि एक वाण आवडला की त्याच विक्रेत्याकडे बाकीची यादी मिळते का ते आधी तपासा. एखादं पाकीट तिथे थोडं महाग असलं तरी एकूण बेरीज सहसा कमीच येते. घरपोच आल्यावर रोख पैसे देण्याच्या सोयीचाही बरेच जण वेगळा आकार लावतात. हंगाम दूर असताना ऑर्डर केली की सर्वांत संथ आणि स्वस्त पर्याय निवडता येतो. दहा दिवस उशिरा आल्याने कोरड्या बीचं काही बिघडत नाही.

साध्या टपालाने पाठवायची सोय असेल तर बारीक बियांसाठी ती उत्तम. मोठ्या बियांसाठी मात्र थोडा धोका आहे. पत्रं निवडणाऱ्या यंत्रांचे रोलर घट्ट असतात आणि पातळ लिफाफ्यातला घेवडा किंवा भोपळ्याचं बी त्यात चिरडतं. बुडबुड्यांचं प्लॅस्टिक लावलेला लिफाफा मागा, किंवा तेवढ्यापुरतं पार्सल घ्या. दुर्मीळ वाण असेल तर ट्रॅकिंगचे पैसे मी कधीच वाचवत नाही. जे परत मिळणार नाही ते हरवू देण्यात बचत नाही.

एकत्र ऑर्डर हा सगळ्यात मोठी बचत देणारा मार्ग, आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणाराही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. तीन-चार जण असले तरी पुरे. दिवस ठरवून टाका, त्यानंतर आलेलं नाव पुढच्या ऑर्डरीत. प्रत्येकाकडून वाणाच्या नावाबरोबर दुसरी पसंती लिहून घ्या, कारण एखादं पाकीट हमखास संपलेलं असतं आणि तेवढ्यासाठी पुन्हा फोनाफोनी होते. शिपिंग माणशी वाटू नका, पाकिटांच्या संख्येने वाटा. पार्सलचा खर्च तसाही एकच आहे. माणशी वाटला तर एकच पाकीट घेणाऱ्याला तो जड होतो, तो गळतो, आणि हळूहळू गट मोडतो. हे मी होताना पाहिलं आहे.

खरी गंमत पाकीट फोडून वाटून घेण्यात आहे. लेट्यूसच्या एका ग्रॅममध्ये ८०० ते १,००० बिया असतात. एका घराला तेवढ्या पाच वर्षांतही लागत नाहीत. चौघांनी मिळून प्रत्येक पाकीट घेतलं की प्रत्येकाला चार पाकिटांच्या पैशांत सोळा वाण मिळतात. वाटणी कोरड्या दिवशी करा, हात कोरडे असू द्या, पंखा बंद ठेवा. मोठ्या बिया मोजून, बारीक बिया लहान चमचा सपाट भरून. कागदाची पुडी बांधा आणि तिच्यावर लगेच, पुढची पुडी बांधायच्या आधी, पीक, वाण, वर्ष, लॉट क्रमांक (पाकिटावर छापलेला तुकडीचा क्रमांक) आणि संकरित आहे की सरळ वाण (ज्याच्या बीपासून पुन्हा तसंच झाड येतं) हे लिहा. नंतर लिहू म्हटलं की मिरचीच्या चार पुड्या सारख्याच दिसतात. गुलाबी किंवा निळ्या रंगाचं बी दिसलं तर त्यावर बहुधा बुरशीनाशक चढवलेलं असतं. ते हातमोजे घालून हाताळा आणि पुडीवर तसं लिहा, घरात लहान मुलं असतील तर अशा बीची पुडी करूच नका. मातीचा लेप देऊन गोळी केलेल्या बिया मोजायला सोप्या, पण त्या त्याच हंगामात संपवायच्या असतात. एवढंच लक्षात ठेवा की आपसात वाटून घेणं वेगळं आणि सुट्या पुड्या विकणं वेगळं. बी विकायचं तर बहुतेक देशांत लेबल आणि परवान्याचे नियम आहेत.

वर्षाचं एकदाच मागवायचं तर साठवण नीट हवी, नाहीतर वरचा सगळा हिशेब कोसळतो. बीजशास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: बीमधला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरलं की पुन्हा दुप्पट. ३० अंशांच्या खोलीतून १० अंशांच्या जागी नेलं तर चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळा पट. प्रत्यक्षात इतकं मोजून मिळत नाही, पण दिशा खरी आहे. घट्ट झाकणाची काचेची बरणी, तळाशी सिलिका जेल, त्यावर पाकिटं, आणि बरणी फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, कारण थंड बियांवर हवेतलं दव लगेच बसतं आणि वर्षभराची मेहनत त्या पाच मिनिटांत ओली होते. आंबा, फणस, लिंबूवर्गीय झाडं, कोको अशांच्या बिया मात्र या बरणीत ठेवू नका. वाळवलं की त्या मरतात किंवा दुबळ्या होतात. त्या साठवण्यासाठी नसतात, आल्या की त्याच आठवड्यात पेरायच्या.

परदेशातून मागवायचा मोह झाला तर शिपिंगचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, म्हणजे बियांबरोबर रोग-कीड नाही असा सरकारी दाखला, लागतं का, हे आधी. युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०१९ पासून बाहेरून येणाऱ्या बियांना ते बंधनकारक केलं. भारतात २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि प्रमाणपत्र दोन्ही लागतात. अमेरिकेत छोट्या लॉटसाठी परवान्याची सोय आहे, पण त्यातही एका पाकिटात फार तर ५० बिया किंवा १० ग्रॅम, आणि एका पार्सलमध्ये ५० पाकिटं. प्रमाणपत्राचा खर्च एका पार्सलवर लागतो, त्यामुळे दोन पाकिटांसाठी तो कधीच परवडत नाही. कागद नसताना शिपिंग स्वस्त दाखवणारा विक्रेता तुम्हाला बचत देत नाही, जप्तीचा धोका देतो. आणि हे नियम उगीच नाहीत. बीबरोबर विषाणू आणि तणही प्रवास करतात. २०२० च्या उन्हाळ्यात अनेक देशांतल्या लोकांना न मागवलेल्या बियांची पाकिटं टपालाने आली, तेव्हा ती पेरू नका असं तिथल्या कृषी खात्यांना जाहीरपणे सांगावं लागलं होतं.

शिपिंग कायमचं शून्यावर आणायचं तर स्वतःचं बी धरा. सगळ्याच पिकांचं नाही. टोमॅटो, घेवडा, वाटाणा आणि लेट्यूस ही बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतात, म्हणून सरळ वाण असेल तर पुढच्या वर्षी तसंच झाड मिळतं. घेवड्याच्या शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या. टोमॅटोचा गर थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबवायचा, वर आलेली साय आणि पोचट बिया ओतून द्यायच्या, खाली बसलेलं बी धुऊन काचेच्या ताटलीत वाळवायचं. कागदावर वाळवलं तर चिकटून बसतं. मिरचीवर मधमाश्या फिरतात, म्हणून बी धरायच्या फांदीला फुलं उमलायच्या आधी जाळीची पिशवी बांधा. संकरित वाणाचं बी धरण्यात अर्थ नाही, पुढची पिढी विस्कटते. काकडी आणि भोपळा कीटकांमार्फत शेजारच्या वाणाशी सहज मिसळतात. कांदा आणि गाजर दुसऱ्या वर्षी फुलोऱ्यावर येतात आणि जोमदार बी हवं तर बरीच झाडं राखावी लागतात, एवढी जागा घरच्या बागेत नसते. ही दोन पिकं मी आजही विकतच घेतो. म्हणून ऑर्डर करताना, बी धरता येईल अशा पिकांचे सरळ वाण निवडा. त्या पाकिटाचं शिपिंग तुम्ही एकदाच भरता.

तुमची कार्ट आज तशीच राहू द्या. घरात टोमॅटो, मिरची आणि झिनियाची जुनी पाकिटं असतील, तर त्यांची चाचणी आजच लावा. टोमॅटो आणि झिनिया आठवड्यात कळतील, मिरचीसाठी दोन आठवडे थांबा. कांदा नवीनच घ्या आणि लहानात लहान पाकीट घ्या. गाजर तीन वर्षांच्या आतलं असेल तर तेही चाचणीत टाका. तोवर बाग करणाऱ्या दोन ओळखीच्यांना विचारून ठेवा, त्यांनाही काहीतरी हवंच असेल. दोन आठवड्यांनी तुमची आणि त्यांची यादी एकत्र करा, म्हणजे फुकट शिपिंगची मर्यादा भर न घालता ओलांडली जाईल.